वरची वीतभर माती

आई, आपल्या खराडीच्या रानावर जी इमारत उभी राहिली, तिच्या सातव्या मजल्यावर मी राहतो, आणि खाली सोसायटीच्या बागेत काही जगत नाही. पेरू लावले, जास्वंद लावली. पानं पिवळी पडतात, झाड खुरटतं. माती तपासायला दिली. अहवालात सेंद्रिय कर्ब नावालाच, नत्रही कमी. माळ्यानं नत्राचं खत घातलं, तरी तेच. परवा मीटिंगमध्ये एक निवृत्त प्राध्यापक मला म्हणाले, "आपण तर इथलेच शेतकरी. आपल्याला ठाऊक असणार." मी म्हणालो, बघतो.

तू वांग्याच्या वाफ्यात वाकलेली दिसतेस. मी सातवीत आहे. नत्रानं पानं वाढतात असं शाळेत शिकलोय, म्हणून प्रत्येक रोपाच्या बुडाशी मूठमूठ युरिया टाकलाय आणि रोपं करपलीत. तू मारत नाहीस. ढेकूळ फोडून माझ्या नाकाशी धरतेस. "वास घे. ह्यात पाला कुजलाय, शेण हाय, गांडूळ हाय. माती थोडंथोडं देती, झाड थोडंथोडं घेतं. तू एकदम कोंबलंस." मग बांधाच्या कडेचा उघडा मुरूम दाखवतेस. "ह्याच्यात काय न्हाय. वरची वीतभर माती हाय तवर आपण हाय." मी मान डोलावली होती. समजलं किती होतं, कोण जाणे.

प्राध्यापकांना खरं कारण मी सांगितलं नाही. जमिनीचा व्यवहार तुझ्या अंगठ्यानंच झाला होता, पण मातीचं तुला कुणी विचारलं नव्हतं. तू दवाखान्यात असताना, ताबा द्यायच्या आधीच, बिल्डरनं वरची माती कुठल्याशा बंगल्याच्या बागेसाठी मागितली. जमीन जाणारच आहे, तर माती वेगळी ती काय, असं वाटून मी हो म्हणालो. चार दिवस डंपर चालले. उरला मुरूम, त्याच्यावरच ही बाग आहे.

त्याच आठवड्यात तू विचारलंस, "रानात काय हाय आता?"

"हरभरा. घाटे धरलेत."

तू माझ्याकडे बघितलंस. "बरं हाय. सोडलं की आधी मला तिकडं ने."

तुला कळलं होतं का? इतकी वर्षं मी हेच उलटसुलट करतोय, आणि एकदा हो वाटतं, एकदा नाही. तुला लिहिलेला हा कागद सोसायटीला तरी द्यावा असं मनात आलं. तेही होणार नाही. दवाखान्यातून तू परत आलीच नाहीस. तू गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं, की आता तुला रान दाखवायला न्यावं लागणार नाही.