कडब्याच्या खोलीतली पाचवी

माय,

काल तालुक्याला गेले होते. पंचायतीवर नव्यानं निवडून आलेल्या बायकांना सभेत बोलायचं कसं हे शिकवायला मला अजून बोलावतात. शाळेतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी. एकीनं उठून विचारलं, "मॅडम, समोर घरचीच मोठी माणसं बसलेली असत्यात. तोंड उघडायचं कसं?" मी तिला तुझी गोष्ट सांगितली. सगळ्या पोट धरून हसल्या, टाळ्याही वाजवल्या. घरी येऊन चहा टाकला आणि वाटलं, जिची गोष्ट सांगून मी टाळ्या घेते, तिला कधी विचारलं का, बाई, तुझी हरकत नाही ना? म्हणून लिहायला बसले.

पंचायतीत बायका घ्यायच्याच असा नियम आला, तेव्हा आबांनी तुझं नाव दिलं. आबा म्हणजे तुझे थोरले दीर आणि गावचे सरपंच. भावजयीला केवढा मान दिला, असं गाव म्हणालं. मान कसला डोंबलाचा! थोरल्या दिरापुढं भावजयीनं तोंड उघडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यांना न बोलणारी बाई पाहिजे होती, ती घरातच सापडली. तू पदर ओढून चावडीच्या खांबाआड बसायचीस, अंगठा उठवायचीस आणि घरी यायचीस.

पण ऐकायचीस सगळं. भाकरी थापता थापता अख्खी सभा माझ्यापुढं उभी करायचीस. "आबा 'कुणाला काय म्हणायचंय का' असं इचारत्यात कवा? धोतर झटकून उठल्यावर. उठलेल्या माणसापुढं कोण बोलंल? बोलायचं तर त्यांनी उठायच्या आत." आणि वर, "सभेत कुणी इचार करत न्हाय गं. जो तो घरनंच करून येतो." मी हसायचे. मला काय ठाऊक, तू शिकत होतीस.

मग माझी चौथी झाली. गुरुजींनी सांगितलं, गावानं खोली दिली तर पाचवीचा वर्ग मिळतोय, नाहीतर तो जाईल दुसरीकडं. खोली होती, चावडीमागची, निजामाच्या वेळची. पण तिच्यात आबांचा कडबा रचलेला. पाचवी होती ती लांब बेंबळी गावात, तिथवर रोज पोरगी चालत जाणार हे बोलायचीसुद्धा सोय नव्हती. म्हणजे माझी शाळा संपली आणि पुढं शेण, पाणी, नवरा. माझा बाप असून बापू तंबाखू मळत म्हणाले, "आबांना कोण सांगणार?" मी दोन दिवस जेवले नाही. मला लई राग आला होता, बापूंचा, आबांचा आणि तुझासुद्धा. पंचायतीत असून काय उपयोग तुझा, असं मी तोंडावर म्हणाले.

तू घरात विरजण असताना वाटी घेऊन पंचांच्या घरोघरी विरजण मागत फिरलीस. मी बरोबर होते म्हणून ऐकलं, तू त्या बायकांना काय सांगत होतीस ते. "वाढताना काढा खोलीचा इषय. पयल्या भाकरीला न्हाय, दुसरीला. भुकेलं माणूस ऐकत न्हाय आन् जेवलेलं झोपतं."

सभेला तू मला शेजारी घेऊन बसलीस. त्या दिवशी खांबाआड नाही, पुढं. आबा उठायच्या बेतात असतानाच तू सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणालीस, "पोरी, आबांना सांग, पाचवीला खोली पाहिजे." दिराशी बोलायचं नाही ही जशी रीत, तशी अडलंच तर लेकराच्या तोंडून सांगायचं हीपण रीतच. "आबांना सांग, ताट वाढलंय" हे मी घरात रोज सांगायचे. आबा नेमकं तेवढंच विसरले होते!

मी उभी राहिले. "आबा, माय म्हणती, पाचवीला खोली पाहिजे."

आबाही रीतीत अडकले. मलाच म्हणाले, "तुझ्या मायला सांग, कडबा काय डोक्यावर रचू?" सभा हसली.

"सांग, घरामागचं परडं रिकामं हाय, तिथं रचा. आन् सांग, पाचवीला बसणारी पयली पोरगी त्यांच्याच घरातली हाय."

मी सांगितलं. आबा बोलेनात. मी घाबरून तुला विचारलं, "माय, आता काय सांगू?"

"आता गप बस. इचारलं न्हवं? आता त्यांची पाळी."

देवा, ती शांतता! कुणीतरी खाकरलं. मला वाटलं, जाऊन आबांचे पाय धरावेत. तू माझा हात दाबून धरलास, बांगडी रुतली तरी सोडला नाहीस. मग मागून एक पंच म्हणाले, "आबा, परड्यात रचायला काय हरकत न्हाय." दुसरे म्हणाले, "व्हय, लेकरं तरी बसतील." दुसऱ्या भाकरीची माणसं ती. आबांनी धोतर झटकलं, पण उठले नाहीत. "सांग तुझ्या मायला, उद्या गाडी लावतो."

ती खोली तूच झाडलीस. पहिल्या दिवशी आम्ही पोरं बसलो, नाकात अजून कडब्याचा वास. गुरुजी हजेरी घ्यायला लागले तरी तू केरसुणी हातात धरून दारातच उभी होतीस. फळ्याकडं बघत होतीस. बऱ्याच वेळानं गेलीस.

हे पत्र टाकायचं कुठं? ट्रंकेत राहील. आणि टाळ्यांचं, हरकतीचं सगळं निमित्त होतं, माय. मला एकच विचारायचं होतं आणि तू होतीस तोवर उत्तराची भीती वाटायची. त्या दिवशी दारात उभी होतीस, तेव्हा आत येऊन बसावंसं वाटलं होतं का गं तुला?

विचारलं. आता मी गप बसते.