स्वस्त बाटलीचा संशय

३ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते, कारण तू स्वतःहून कधी कळवत नाहीस. तुझ्या भावजींचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि पत्ते खेळायला जाताना दुखत नाही. तुझी भाची त्या मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून घरी आली आहे. ते तुला माझ्याआधीच कळलं असेल म्हणा. आता ती माझ्या शेजारी उभी राहून कांदे चिरते. हात चांगला आहे तिचा, पण बोलत नाही. मी रस्सा ढवळायला लागले की तिला हमखास मागच्या खोलीत काहीतरी काम निघतं.

पत्र लिहायचं कारण मात्र कामाचं आहे. तू दिवसभर त्या गोदामात बाटल्या उघडून चाखतोस, स्वस्तातली चांगली वाइन कोणती ते ठरवतोस, म्हणून तुलाच विचारते.

थंडीत तू दोन दिवस येऊन गेलास ना, त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक नवा वाइनवाला आपल्या खानावळीच्या दारात गाडी लावून उभा राहिला. सडपातळ, टक्कल पडलेला, बोलायला गोड. एक पांढरी आणि एक लाल घेऊन आला होता. किंमत सांगितली तेव्हा मला वाटलं अर्ध्या बाटलीची सांगतोय. आधीच्या वाइनवाल्याच्या निम्म्याने स्वस्त, बारक्या. मी सवयीने घासाघीस केली, तर तो लगेच आणखी खाली आला. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. घासाघीस न करणारा व्यापारी मी जन्मात पाहिला नाही.

तू शिकवलेलं सगळं करून पाहिलं. बाटली हलकी आहे, म्हणजे आपण काचेचे पैसे देत नाही. लेबलावर ना पक्षी, ना राजवाडा, नुसतं गावाचं नाव, तेही कधी न ऐकलेलं. तू म्हणायचास, नावाजलेल्या डोंगराच्या शेजारचा डोंगर बघावा, द्राक्षं तीच असतात आणि भाव नसतो. इथवर ठीक आहे. चाखायची तीही तुझ्याच पद्धतीने चाखली. वाइन एकटी चाखू नये, ज्या ताटाशेजारी ठेवायची त्या ताटातला घास आधी खावा. म्हणून माझ्या लिंबातल्या माशाबरोबर पांढरी घेतली आणि मांसाच्या रश्शाबरोबर लाल. काय सांगू तुला. दोन्ही अशा मऊ, गोलसर लागल्या की मी तिथेच सहा खोकी उतरवून घेतली.

आणि आता झोप लागत नाही.

गिऱ्हाईक दुसरी बाटली मागतं. पूर्वी मागत नव्हतं. कोपऱ्यावरचा सुतार, जो माझ्याकडे आला की नेहमी काहीतरी खोट काढायचा, तो परवा म्हणाला की हल्ली तुमच्याकडे जेवायला मजा येते. इतकी चांगली वस्तू इतक्या स्वस्तात कोण देतं? चोरीची असेल? काही मिसळलेलं असेल? मी एक बाटली पाण्यात ठेवून लेबल काढलं, खाली दुसरं लेबल नव्हतं. एक पेला खिडकीत दोन दिवस उघडा ठेवला, तळाशी काही बसलं नाही. चमच्यात घेऊन गॅसवर आटवलीसुद्धा. तुझे भावजी बघत होते, म्हणाले, "अगं, चाललंय ना बरं? मग चालू दे." हा माणूस विजेच्या बिलावर तासभर बोलतो, आणि इथे तोंडाला कुलूप. तोही यात आहे असा मला दाट संशय आहे.

वाइनवाल्याने दुसऱ्या खेपेला काय विचारावं? "स्वयंपाक अजून तुम्हीच करता ना?" मी म्हटलं, मग कोण करणार. तर म्हणाला, बरं, मग हीच चालू ठेवू. याचा अर्थ काय?

शिवाय तो रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. रोज दुपारी येतो, वाइन घेत नाही, कामावर असतो म्हणून. पाण्याचा अख्खा जग रिकामा करतो आणि अर्धं ताट टाकून जातो. समोरच्यांनी नवी खानावळ काढली आहे, त्यांनीच याला पाठवला असणार, बाकीच्यांसमोर ताट टाकून माझं नाव खराब करायला. मी एकदा त्याला तोंडावर विचारलं, तर बिचारा असा गडबडला की माझी खात्रीच पटली.

तर तू तुझ्या गोदामात चौकशी कर. या वाइनमध्ये कुठे पाणी मुरतंय ते मला कळलं पाहिजे. सोबत दोन्ही लेबलं पाठवते आहे. खोकला असेल तर थंड पाणी पिऊ नकोस.

तुझी,
ताई


२६ मार्च

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. "वाइन स्वच्छ आहे, बिनधास्त वीक, काळजी करू नकोस." एका बाटलीवर दोन-दोन पानं लिहिणारा तू. त्या चार ओळी वाचल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी गेले महिनाभर वाइनवाल्यावर, नवऱ्यावर, पोटच्या मुलीवर, त्या गरीब ड्रायव्हरवर, सगळ्यांवर संशय घेतला, तुझ्यावर नाही घेतला. तू कशाला त्यात असशील, असंच मी धरून चालले होते.

मागच्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. यायला उशीर झाला. तुझ्या भाचीने तोवर घरच्यांपुरता स्वयंपाक केला होता. तोच मासा, तेच लिंबू, माझीच कढई. मी घास घेतला, तर अळणी. मी काही बोलले नाही, पोरीने या घरात पहिल्यांदा एकटीने केलं होतं. म्हटलं, वाइन घेऊ, तेवढीच चव येईल. पांढरी उघडली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. कच्चं लिंबू चोखावं तशी आंबट. वाटलं, बाटली नासली. दुसरी उघडली. तीच गत.

मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, सापडला चोर. वाइनवाल्याने चांगल्या खोक्यांत वाईट माल घुसवला. लाल काढली, तीही तशीच, जीभ ओढून धरणारी. पुरावा म्हणून मी फ्रीजमधला आदल्या दिवशीचा माझा रस्सा गरम केला, दोन घास खाल्ले आणि त्याच बाटलीतली लाल पुन्हा प्याले. लोण्यासारखी मऊ. परत मुलीचा मासा, परत वाइन. आंबट. परत माझा रस्सा. मऊ.

मी असं किती वेळा केलं कोण जाणे. वर बघितलं तर तुझे भावजी चष्मा काढून पुसत होते, आणि मुलगी जागेवरून हललेली नव्हती. दोघांपैकी कुणालाही नवल वाटलेलं नव्हतं, बारक्या.

मी तिला विचारलं, "माझं खारट होतं का?"

ती म्हणाली, "आई, खूप. आणि आंबटही. वर्ष झालं."

वर्ष झालं. वर्षभर मी खारट वाढत होते आणि सगळे मूग गिळून बसले होते.

खारट ताटाला बेतून बाटली निवडणारा माणूस मला एकच माहीत आहे. वाइनवाला गुरुवारी आला. मी त्याला गाडीतून उतरू दिलं नाही, सरळ विचारलं की माझ्या भावाला तू कसा ओळखतोस. तो बिचारा लपवण्यात कच्चा आहे, एका प्रश्नात सगळं सांगून टाकलं. ही वाइन दुसरं कुणी घेत नाही म्हणून स्वस्त आहे. फार आंबट, फार तुरट, दुकानदार एक घोट घेऊन परत करतात. तूच त्याला बोलावून घेतलंस. जिभेवर चिमूटभर मीठ ठेवायचं, वर लिंबाचा थेंब टाकायचा आणि मग घोट घ्यायचा, असं करत तू गोदामातल्या स्वस्त बाटल्या एकामागून एक चाखल्यास. ज्या बाटल्या त्या मिठापुढे मऊ पडल्या, त्या दोन माझ्याकडे पाठवल्यास. तो म्हणाला, "तुमच्या भावाचे ओठ सोलून निघाले होते." त्याने हे तुझं कौतुक म्हणून सांगितलं. मी आत जाऊन रडले.

रडले आणि मग तुझा असा राग आला की तू समोर असतास तर कढई फेकून मारली असती. थंडीत तू दोन दिवस माझ्या हातचं जेवलास. दोनदा मागून घेतलंस. "ताई, तुझ्या हातची चव कुठे नाही" असं म्हणालास. ओठावर एक आणि पोटात एक. माझ्या जिभेला मीठ कळत नाही हे तुला पहिल्या घासाला कळलं, आणि ते तू मला सांगितलं नाहीस, गोदामातल्या बाटल्यांना सांगितलंस.

मग आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने डोळे मिटायला लावून जिभेवर थेंब टाकले. गोड कळलं, कडू कळलं. आंबट अंधुक, फार जोराचं असेल तरच. खारट म्हणून जे टाकलं ते मला पाणी वाटलं, समुद्राइतकं खारं केलं तेव्हा कुठे जाणवलं. मी घेते त्या रक्तदाबाच्या गोळीने कधी कधी असं होतं म्हणे. गोळी बदलली आहे. चव परत येईल किंवा येणार नाही, दोन्ही तो एकाच सुरात म्हणाला. वर विचारलं, मीठ कमी खाता ना? तुझे भावजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

घरी आल्यावर भावजींचं म्हणणं असं की बोभाटा कशाला करायचा. गिऱ्हाईक खूश आहे, वाइन स्वस्त आहे, दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतायत, चालू दे. आणि खरं सांगते, एक रात्रभर मलाही तसंच वाटलं. कुणाला कळणार होतं? पण वाइन न घेणारेही माझ्याकडे जेवतात. पोरंबाळं जेवतात. त्यांच्या टेबलावर जग भरून भरून आमचा वाढपी कंटाळला होता, आणि मी त्याला म्हणायचे, उकाडा वाढलाय. तो ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि सांगितलं की तुझं काही चुकलं नव्हतं, जेवण खारट होतं. तो म्हणाला, माहीत आहे, पण तुम्हाला सांगणार कोण?

हेच मला लागलं. माझ्या रागाला सगळे भितात. आजवर मी त्याला दरारा समजत होते.

शुक्रवारपासून मीठ आणि लिंबू तुझी भाची घालते. मी शिजवते, मग बाजूला होते, ती चाखते आणि घालते. बघवत नाही म्हणून तेवढा वेळ आता मीच मागच्या खोलीत जाते. ताटं पुसून परत येतात. जग भरावा लागत नाही. ती आंबट वाइन मात्र आता कुणी पीत नाही, सुताराने पेला तसाच परत पाठवला. उरलेली चार खोकी परत घेऊन जा म्हणून वाइनवाल्याला सांगितलंय. नवी कोणती घ्यायची ते तू आणि भाची मिळून ठरवा. यापुढे मला विचारून उपयोग नाही, आणि हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

मला सगळं अळणी लागतं, बारक्या. तिने केलेलं, मी केलेलं, सगळं. ते अळणीच बरोबर आहे असं दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानायचं. तुला माहीत आहे मी कशी आहे. भाजीवाल्याचा तराजू मी हाताने धरून बघते, नवऱ्याने कडी लावली तरी उठून बघून येते. कुणाच्या शब्दावर म्हणून कधी चालले नाही. आता रोज दोन वेळा, प्रत्येक भांड्याला, चालायचं आहे. ती पोर आहे, आईला दुखवायचं नाही म्हणून एखाद्या दिवशी "आज ठीक आहे" म्हणून जाईल. तिचे वडील तर म्हणतीलच.

म्हणून तू ये. सोमवारी ये, खानावळ बंद असते. मी शिजवीन आणि त्या दिवशी मीठही मीच घालीन, नवी गोळी लागू पडते आहे का ते कळायला हवं. टेबलावर बाटली नसेल, पेला नसेल. पहिला घास घेतलास की माझ्या तोंडाकडे बघून सांग. खारट असेल तर खारट म्हण. मी चिडेन, भांडी आपटीन, तुला काय कळतंय म्हणीन, ते मला आवरता येणार नाही. तू तरीही तेच म्हण. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच म्हण.

मागच्या वेळचं मी मनात ठेवलेलं नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. ठेवलं आहे. तरीसुद्धा जगात एकाच्या जिभेवर विसंबायचं म्हटलं तर मला तूच आठवलास.

आता तुझ्या शब्दावर चालणारी,
तुझी ताई