सरजाबाईंचा पदर

जिंतूर,
दि. ९ डिसेंबर २०२४

ती. स्व. आक्कास,
सविताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नको. फोनवर तुला ऐकू येत न्हाई, अन् तुझ्यासाठी ओरडून बोलावं तर मी काम करते त्या समद्या वृद्धाश्रमाला कळंल. ही गोष्ट ओरडून सांगायची न्हाई.

आक्का, मी सरजाबाईंना मारलं. माझ्याकडं त्या आजी हायेत न्हाई का, ज्यांना पोटचा पोरगा ओळखू येत न्हाई, त्यांना. आंघोळ झाली की मॅक्सी घालताना त्या रोज बोचकारतात, चावतात. इथं समद्या बायांना मॅक्सीच घालतेत, धुवायला-पुसायला सोपी पडती म्हणून. परवा त्यांनी माझे केस धरले अन् माझा हात उठला. गालावर बोटं उमटली गं. दुपारी त्यांचा मुलगा भगवानराव भेटायला आला, तर मी ठोकून दिलं की न्हाणीत पाय घसरला. त्यानं उलट माझेच आभार मानले, ताई तुमी हाव म्हणून आमाला घोर न्हाई म्हणला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

काल परभणीहून भक्ती मॅडम आल्या होत्या. सेवा करणाऱ्या आमा बायांच्या अडचणी ऐकायला त्यांना अधूनमधून बोलावतेत. सरजाबाई रोज चावतात, एवढंच मी समद्यांसमोर सांगितलं, अन् मला वाटलं आता माझा पंचनामा होतोय. पण चूक कुणाची ते त्यांनी इचारलंच न्हाई. सरजाबाई शांत होत्या असा एखादा दिवस आठव, अन् त्या दिवशी काय येगळं होतं ते सांग, म्हणल्या. तसा दिवसच न्हाई, असं मी तोंडावर सांगितलं. नीट इचार कर म्हणल्या, तवा मला आठवलं. थंडी लय होती तवा मी आंघोळीनंतर आजींच्या डोक्यावरून टॉवेल घेतला होता. आमच्या इथला कामाचा गडी महारुद्र चहा घेऊन आत आला, तरी आजी गप बसल्या होत्या.

डोक्यावर पदर, आक्का! गडीमाणूस दारात आला तर आपल्या आईनं कधी पदर ढळू दिला का? अन् मी या बाईला रोज उघड्या डोक्यानं महारुद्रापुढं बसवायले, वर वेडी म्हणायले. मॅडमनी शाबासकी दिली, समद्या जणींनी टाळ्या वाजवल्या. मी मारलंय हे त्यातल्या एकीलाबी ठाऊक न्हाई. भगवानरावाला सांगितलं तर काम जाईल, अन् माझ्या साक्षीचं कॉलेज चालू हाय. काय करू?

धाकटीला मनातून उतरवू नको, एवढंच मागणं.

तुझी,
सवी

राणीसावरगाव,
दि. १६ डिसेंबर २०२४

चि. सवितास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं अन् दिवसभर तुझा राग राग आला. म्हाताऱ्या जिवावर हात उचललास, लाज कशी न्हाई वाटली गं? वाटली, म्हणूनच लिव्हलंस, हे संध्याकाळी कळलं. माझ्या सासूबाई काय कमी हायेत का! चहा सांडतात अन् शेजारणीला सांगतात की मनकर्णा मला चहा देत न्हाई. माझं डोस्कं फिरलं की मी गोठ्यात जाते अन् म्हशीला चार शिव्या हासडते. म्हशीला त्याचं काई वाटत न्हाई.

त्या पोराला खरं सांग. काम गेलं तर माय-लेकी इकडं या, तूर काढायला बाया मिळंनात. सांगितल्याबिगर त्या टाळ्या तुला पचायच्या न्हाईत, मी वळखते तुला. कानाचं मशीन शिट्ट्या मारायलंय म्हणून डब्यात ठिवलंय. अन् अक्षर जरा बरं काढ बाई, कोंबडी नाचल्यावाणी दिसायलंय.

माझा जीव तुझ्यावर होता तसाच हाय.

तुझी,
आक्का

जिंतूर,
दि. ३० डिसेंबर २०२४

ती. स्व. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. भगवानराव ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं आईची हनुवटी धरून गाल बघितला, वळ कवाच गेला होता. मग उठून आश्रमाच्या हापिसात गेला. काम ऱ्हायलं, पण आजींची आंघोळ आता दुसऱ्या बाईकडं दिलीया. मला फक्त जेवू घालायचं अन् बसवायचं. भक्ती मॅडम पुन्हा आल्या तवा समद्यांसमोर सांगितलं. मान वर होईना. पुढल्या खेपेला राग चढायला लागला की पहिल्यांदा काय करशील, एवढंच त्यांनी इचारलं. दुसरीला हाक मारीन अन् अंगणात जाईन, म्हणलं. तुझ्या म्हशीचं नाव घेतलं न्हाई.

भगवानरावानं घरून आईचं जुनं मऊ लुगडं आणलं. अर्धं फाडून मॅक्सीवरून पदर घेता येईल असं केलंय. आजी आता चावत न्हाईत का बोचकारत न्हाईत. समदे म्हणायलेत, सविताच्या डोक्यातनं निघालं.

काल महारुद्र येताना दिसला अन् आजींचा पदर खांद्यावर आला होता. मी सावरायला हात पुढं केला. आक्का, त्यांनी दोन्ही हातांनी गाल झाकून घेतला. त्यांना माझं नाव सांगता येत न्हाई, सकाळी काय खाल्लं ते ध्यानात ऱ्हात न्हाई, पण माझा हात त्यांच्या ध्यानात हाय. मी तशीच खाली बसले अन् पदराचं टोक लांबूनच त्यांच्या मुठीत दिलं. त्यांनी ते आपल्या हातानं डोक्यावर घेतलं, अन् महारुद्र जाईस्तोवर माझ्याकडं पाठ करून बसल्या.

मोठ्यांना नमस्कार, अन् माझ्यावर माया असू दे.

तुझी,
सवी