कापासचं वय

२० मार्च, गुरुवार
पुन्हा रक्त! पिंजऱ्यातल्या कापडावर वीस सेनच्या नाण्याएवढा डाग. कापास, माझा चिंचिला, कोपऱ्यात पाठ वर करून बसलेला. लघवी करताना चिरकला. असा आवाज त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

पा म्हणाले, "उद्याच्या उद्या डॉक्टरकडे ने." मा म्हणाली, "आधी जेवून घे." कसली जेवते!

२१ मार्च, शुक्रवार
डॉ. रोहानांनी एक्स-रे काढला. मूत्राशयात खडा आहे, मुगाच्या दाण्याएवढा. आपला आपण पडणार नाही म्हणे. भूल देऊन, पोट उघडून काढायचा. नाहीतर दुखण्याचं औषध देत राहायचं आणि लघवी अडली की त्याला झोपवायचं. कायमचं.

"वय किती?"

"सतरा."

त्यांचं पेन थांबलं. "चिंचिला सतराचा म्हणजे पणजोबाच की! या वयात भूल दिली तर उठेलच असं मी सांगू शकत नाही. आठ-नऊ वर्षांचा असता तर आजच टेबलावर घेतला असता." मग पुन्हा स्टेथोस्कोप लावला. "हृदय मात्र छान चाललंय हं. वयाच्या मानाने फारच छान."

मग करायचं की नाही? "ते तुम्ही ठरवायचं." मी ठरवायचं! मी बंदरावर मालाचे कागद तपासते, मला काय कळतं भुलेतलं? हातात फॉर्म दिला आणि पुढचा ससा बोलावला.

२२ मार्च, शनिवार
मोठी आत्या आली होती. तिला न सांगताच सगळं माहीत. (मा! दुसरं कोण?) "अगं, इतक्या म्हाताऱ्या उंदराला कशाला कापतेस? त्यापेक्षा लग्नाचं बघ."

उंदीर म्हणाली. त्याच्यासमोर.

२३ मार्च, रविवार
वजन ४९८ ग्रॅम. मागच्या रविवारी ५२१ होतं. गवताला तोंड लावत नाही. गवताची पूड पाण्यात कालवून सिरिंजने भरवली. अर्धी माझ्या बाहीवर.

पंधरा वर्षांची होते मी, पांनी त्याला खोक्यातून आणला तेव्हा. सगळी आळी बघायला आली होती. थंड डोंगरांतलं हे जनावर आमच्या क्लांगच्या उकाड्यात एवढी लोकर घेऊन जगणार कसं, म्हणून पांनी मागच्या खोलीला एसी बसवला. आमच्या घरातला पहिला एसी, आणि तोही माणसांसाठी नाही! सतरा वर्षं रात्रंदिवस चालू आहे.

त्याने मला एकदाच रडवलंय. मी पर्थला नोकरीला गेले, चार वर्षं घरी येणं जमलंच नाही. परत आले ती बॅग दारात टाकून थेट पिंजऱ्याकडे. हात पुढे केला, तर हा फळीखाली जाऊन लपला. माझ्या खांद्यावर बसून शाळेचा अभ्यास बघणारा कापास! मा म्हणाली, "जनावरं विसरतात गं." पुन्हा हातावर यायला सहा महिने लागले. ते मी मनातून त्याला माफ केलेलं नाही. आता केलं, बास? खा आता!

२४ मार्च, सोमवार
फॉर्म फ्रिजवर चुंबकाने लावलाय. पाणी प्यायला गेलं की दिसतो.

२६ मार्च, बुधवार
पांशी कडाक्याचं भांडण. मी कामावरून आल्या आल्या सुरू. "आ-हुई, ऑपरेशन करून टाक. झेपेल त्याला."

"कशावरून?"

"झेपेल."

"सतरा वर्षांचा आहे तो, पा! डॉक्टर घाबरतायत आणि तुम्ही म्हणे झेपेल! टेबलावरच गेला तर?"

 मा उगाचच ताटं उचलायला लागली. माझं जेवण संपलंही नव्हतं!

"तुम्हाला काय," मी म्हटलं, "गेला तर एक पिंजरा कमी." म्हटलं खरं. पा उठून मागच्या खोलीत गेले. दार पुरतं लागत नाही त्याचं, दिसत होते. कापासचं राखेचं भांडं चाळत बसले होते, खडे काढत. तो राखेत लोळून अंघोळ करतो ना. रोज तेच चाळतात, हे मी सोयीने विसरते.

तरी राग गेला नाही. झेपेल म्हणे!

२८ मार्च, शुक्रवार
डॉक्टरांना फोन केला. उद्यापासून रायाची, म्हणजे ईदची सुट्टी, डॉक्टर गावी चालल्या. "काय ठरलं?" मी म्हटलं, नाही करत. वेदनेचं औषध वाढवून दिलं.

ठरवल्यावर हलकं वाटतं म्हणतात. कुणाला वाटतं कुणास ठाऊक.

२ एप्रिल, बुधवार
४७१.

४ एप्रिल, शुक्रवार
लघवी थेंब थेंब. प्रत्येक थेंबाला चिरकतो. दवाखाना उघडलाय. सोमवारी सकाळची वेळ घेतली. झोपवायची. फोनवर बोलताना माझा आवाज अगदी ऑफिसातल्यासारखा होता.

पांना सांगितलं तर खुर्चीत बसूनच राहिले. "आ-हुई, ऑपरेशन..." मी ओरडले, पुरे झालं आता! मा स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मान खाली घातली. या दोघांचं काय चाललंय?

५ एप्रिल, शनिवार
उद्या छेंग बेंग, पितरांचा दिवस. तेलुक इंतानला जाऊन आजी-आजोबांच्या थडग्यांवरचं गवत काढायचं, बदक, संत्री, अगरबत्त्या. पा येत नाहीत. गेली कित्येक वर्षं येत नाहीत! आत्या फोनवर कडाडली, "सख्ख्या आईबापाच्या थडग्याला पाठ दाखवतोस?" पांचं ठरलेलं उत्तर: "एसीपाशी कुणीतरी हवं."

हाच माणूस चाळीस वर्षं वायरमन होता. मी लहान असताना बाजारात जायचं तरी मेन स्विच बंद करून निघायचे. कापास आल्यावर मागच्या खोलीतल्या एसीसाठी मग लांबून वेगळी वायर ओढावी लागायची. आता त्याच मेन स्विचवर काळी टेप गुंडाळून ठेवलीय, वर पांढऱ्या रंगाने "हात लावू नका". म्हातारपणी माणूस असा उलटा होतो का?

६ एप्रिल, रविवार
थडग्यापाशी मा खूप वेळ हात जोडून उभी होती. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, "तुझ्या बापाला तोंड फुटू दे."

७ एप्रिल, सोमवार
दवाखान्यासमोर पांनी गाडी बंद केली नाही. कापासची टोपली माझ्या मांडीवर, एसी चालू, आणि पा बोलायला लागले. आठ वर्षांपूर्वी छेंग बेंगला निघताना सवयीने मेन बंद केला. ती वेगळी वायर जोडायची राहिली. संध्याकाळी परतले तेव्हा मागची खोली भट्टी झाली होती, आणि कापास फळीवर मरून पडला होता. पुढच्या आठवड्यात तीन दुकानं फिरून तसाच दुसरा आणला, सहा महिन्यांचा. मा बोलू नये म्हणून तिला शपथ घातली. "तू तिकडे एकटी. फोनवर कसं सांगणार होतो गं?"

ओरडायचं होतं. ओरडले नाही. आत गेले, फॉर्मवर सतरा खोडून साडेआठ लिहिलं, ऑपरेशनच्या रकान्यात सही केली. डॉक्टर त्याला उचलून आत घेऊन गेल्या.

बाकावर बसलोय दोघं. पा रडतायत.

मी पर्थहून आले तेव्हा तो मला विसरला नव्हता.