कॅनडाच्या फळीची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, धंदा लिफ्टदुरुस्ती, शिक्षण इंजिनिअरिंगची अडीच वर्षे व पुढे भांडण, पूर्ण शुद्धीत आणि थोड्या रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दबाव कोणाचाही नाही. उद्या सकाळी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. तरी मृत्युपत्र करतो म्हटल्यावर वडील पेपरातून डोके न काढता म्हणाले, "तुझ्याकडे आहे काय वाटायला?" तर त्यांनी खालील कलमे वाचावीत.

एक. माझी पक्कड, टेस्टर व स्क्रू ड्रायव्हर मामांना, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो. मोठा पाना त्यांचाच आहे. तो चोरला नव्हता, परत द्यायचा राहिला.

दोन. ज्या विभागप्रमुखांनी माप चुकले म्हणून भर वर्गात माझे ड्रॉइंग फाडले, त्यांच्या नावे मी माझा सगळा राग ठेवणार होतो. परवा तेच ड्रॉइंग पुन्हा काढून पाहिले. माप त्यांचे बरोबर होते. फाडणे चूकच. निम्मा राग रद्द समजावा.

तीन. कॉलेज सोडल्यावर वाचनालयाची लिफ्ट दुरुस्त करायला गेलो, तिथल्या ग्रंथपालबाईंना पाहिले आणि लिफ्ट ठणठणीत झाल्यावरही जात राहिलो. काही निमित्त हवे म्हणून त्यांच्या टेबलामागच्या फळीवरचे एक पुस्तक उचलले आणि ऐटीत म्हणालो, अमेरिकन लेखक मला फार आवडतात.

"फळीवर कॅनडा लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ते वाचायला डिग्री लागत नाही."

माझी कानशिले तापली. अख्खी फळी वाचून दाखवतो, असे ठरवून पुस्तक घरी नेले. पहिली चाळीस पाने दातओठ खात वाचली, मग राग कुठे गेला कळले नाही. त्यात एक बाप आणि मुलगी गोठलेल्या तळ्याकाठच्या घरात एकाच टेबलावर जेवतात आणि अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. आवाज कोणी चढवत नाही. माझा राग पाच मिनिटांत उतू जातो. ही माणसे तो पुरवून वापरतात. कॉलेज सोडल्यापासून चार महिने वडील आणि मी बोलत नव्हतो. पुस्तक मिटून मी त्यांना विचारले, चहा टाकू का? ते म्हणाले, टाक.

आता छत्तीसपैकी तेवीस झाली. गव्हाच्या कोठारांची गावे, धुक्यातली कोळ्यांची बेटे, परदेशातून येऊन थंडीला शिव्या देत तिथेच म्हातारी झालेली माणसे. चार पुस्तके मुळीच आवडली नाहीत. कविता मनात वाचून कळत नाहीत; लिफ्टच्या शाफ्टमध्ये मोठ्याने वाचल्या की कळतात.

चार. वडिलांना माझे वाचनालयाचे कार्ड. तीन वर्षे कोणी न नेलेले पुस्तक तिथे रद्दीत काढतात आणि या फळीला माझ्याशिवाय वाचक नाही. वडिलांनी दर पंधरवड्याला एक न्यावे. न वाचता परत केले तरी चालेल. वाचले, तर चिडवायला मी नसेन.

पाच. ग्रंथपालबाईंना माझी वही. तीत तेवीस पुस्तकांबद्दल माझी मते आहेत, मध्येमध्ये त्यांच्याबद्दलही. आठ महिन्यांपूर्वी मी त्यांना लग्नाचे विचारले. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. जगलो तर पुन्हा विचारणार, हेही नोंदवून ठेवतो.

पुरवणी. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी लिहिलेले बाईंचे नाव मी खोडले आहे व खाडाखोडीपाशी माझी सही केली आहे. कारण असे की, त्यांनी पेन हातात घेतले, तेवढ्यात वाचनालयात समोर वाचत बसलेले एक वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसते. मी घाईने म्हणालो, मग पाचवे कलम काढतो. बाईंनी सगळा कागद सावकाश वाचला आणि पेनाला टोपण लावले.

"सही वकीलसाहेब करतील. वही मला हवीय. आणि आजच द्या, तुमच्या मरणाची वाट कोण बघत बसणार?"

वही हयातीतच दिली. पाचवे कलम निकाली. मामाही साक्षीदार, म्हणून त्यांची हत्यारेही आजच दिली; पहिलेही निकाली. बाकीची कायम.

साक्षीदार: १. मामा, लिफ्टवाले (सही)
२. वकील, वर्गणीदार (सही)

लिहून ठेवणार: मी (सही)
ठिकाण: वाचनालय, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीन