दुसऱ्या डिस्कवरची भीमा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

१. सकाळी साडेनऊला एसटीने तिसगावला उतरले.
२. हंगामी वसतिगृहात हजर झाले. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची त्रेसष्ट मुलं इथे राहतात.
३. माझं काम: आईबाप फोन करून मुलांसाठी जे निरोप ठेवतात, ते जुन्या कॉम्प्युटरवरून भाड्याच्या सर्व्हरवर हलवणं.
४. अधीक्षिका सविताताईंनी विचारलं, भिंगारच्या पोरीला बाजरीची भाकरी चालते का. दोन खाल्ल्या.
५. खोलीला मोठी खिडकी आहे. रेंजही आहे. बरं वाटलं.

७ नोव्हेंबर

आज रचना ठरवली. सर्व्हर मुंबईत, कंपनीचा, आपण भाडेकरू. त्यावर दोन आभासी यंत्रं बसवली. एक फोन घेणार, दुसरं निरोप सांभाळणार. कंटेनर, म्हणजे एकाच यंत्रातले कप्पे, हलके पडले असते, पण एक कोसळलं तर दुसरं सुरक्षित राहावं म्हणून मधली भिंत जाड ठेवली. साठवणीला दोन डिस्कची जोडी: एकीवर लिहिलं की दुसरीवर तेच. दोन्हींत फरक पडला तर खरी कोणती हे ओळखणारी एक पद्धत होती. तिला मेमरी जास्त लागते, म्हणून सोडली.

सविताताईंना हे समजावलं तर म्हणाल्या, "म्हंजी कोयताच की वो!" मुकादम नवराबायकोची जोडी मोजतो, तिला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला टोळीत घेत नाहीत. मी विचारलं, यातली एक डिस्क गेली तर? त्या हसल्या. "मग काय, दुसरी करायची! बाप्ये तेच करत्यात."

१८ नोव्हेंबर

सगळं सुरळीत. संध्याकाळी पाचला मुलं रांगेने निरोप ऐकतात. सातवीतली राजेश्वरी ऐकताना सगळ्यांकडे पाठ करून उभी राहते. तिच्या आईचा, भीमाचा, निरोप रोज असतो. आजचा: "राजे, गनिताचं पुस्तक उघाडलं का? तुझा बाप मोळी बांधतो का गाठुडं, त्येच कळंना. त्येला सांगू नको मातर." राजेश्वरीची पाठ हसताना हलते.

१ डिसेंबर

भीमा शुक्रवारी गेली. उसाची ट्रॉली उलटली. तिचा फोनही तिच्याबरोबर चिरडला. सविताताई राजेश्वरीला घेऊन गावी गेल्या आहेत.

१२ डिसेंबर

राजेश्वरी परत आली. सोबत वडील, अजिनाथ. बावीस तारखेला तिला कायमची न्यायला येतो म्हणाले; मुकादमाने तोवरच एकट्याला ठेवलं आहे. ते आता अर्धा कोयता. मुलगी आली तर पुरा. सविताताई भडकल्या. बारा वर्षांची पोर ऊस तोडील व्हय, काही वाटतं का तुम्हाला, असं विचारलं. अजिनाथ खाली बघत म्हणाले, "दुसरं काम न्हाई, ताई. असलं तर तुमीच सांगा."



१५ डिसेंबर

भीमाच्या नंबरवरून निरोप. एकोणीस सेकंद. पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची खसखस, मग:

"राजे, तू येऊ नको. कोयता पुरा हाय."

जुना निरोप पुन्हा वाजला असेल, असं धरून तपासलं. जुन्या एकाशीही जुळत नाही. तो फक्त दुसऱ्या डिस्कवर आहे. पहिलीवर त्याच जागी शून्यं. जोडीत असा फरक पडता कामा नये. खरी कोणती, हे यंत्राला सांगता येत नाही. सांगू शकणारी पद्धत मी सोडली होती.

राजेश्वरीने ऐकला. या वेळी पाठ हलली नाही.

१७ डिसेंबर

अजिनाथ यांचा सविताताईंना फोन. ते दुपारी भाकरी खाऊन उठले, तर पुढचा सगळा ऊस तोडलेला, मोळ्या बांधलेल्या. गाठी उलट्या हाताच्या. भीमा डावरी होती. मुकादम खूश आहे. ते त्या मोळ्यांना हात लावत नाहीत.

१८ डिसेंबर

निरोप रोज येतात. आवाज खोल जातो आहे. दुसरीकडे प्रत करून पाहिली. प्रतीत फक्त पाचट वाजतं.

प्रत्येक निरोपानंतर दुसऱ्या डिस्कवरच्या खराब जागा वाढतात. कंपनीचं पत्र: सोमवारी, २२ तारखेला, सकाळी अकराला ती डिस्क बदलणार. नवी डिस्क पहिलीवरून भरणार.

पहिलीवर भीमा नाही.

१९ डिसेंबर

"राजे — हात उचलंना — पर तू येऊ नको —"

मागे कोयत्याचे घाव. बोलतानाही थांबत नाही ती.

हेडफोन काढला. घाव ऐकू येतच —

२० डिसेंबर

राजेश्वरी खोलीत आली. डिस्कचं सविताताईंकडून कळलं होतं. म्हणाली, मॅडम, काढू द्या ती. आई लई दमली. मी जाते बाबासंगं.

दप्तर भरून ठेवलं आहे तिने. पुस्तकं काढून कपडे.

 

डिस्क ठेवली तर भीमा तोडत राहील. काढली तर ही.

२१ डिसेंबर, रविवार

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे प्रमुख फिलिप सर नगरला असतात. त्यांना लिहिते आहे. आधी इथे.

सर, नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांत तुमच्या ओळखी आहेत. अजिनाथ यांना तिथे काम मिळेल का? एकट्या माणसाला. मिळालं तर मुलगी इथेच राहील, आणि डिस्क काढता येईल. कारण विचारू नका — मला ते लिहिता येत नाही. निरोप आताही येतो आहे. शब्द नाहीत. नुसते घाव, आणि मध्ये श्वास —

कृपया उद्या, सोमवार २२ डिसेंबर, सकाळी अकराच्या आत उत्तर द्या. तोपर्यंत ती —