बाबांच्या पियानोचा हुबेहूब आवाज

४ फेब्रुवारी
बाबांचा जुना इलेक्ट्रिक पियानो दुकानात दिला. बदल्यात नवा कीबोर्ड आणि जुन्या वाद्यांचे आवाज काढणारं सॉफ्टवेअर. बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिनाभर ताईकडे आहेत. त्यांना विचारायचं राहिलं. पण ते धूड हलवायला चार माणसं लागायची! तोच आवाज नव्यातून काढून देतो. माझा कान तयार आहे. दहा दिवस पुरे.

५ फेब्रुवारी
बायको म्हणाली, बाबांना काय सांगणार? म्हटलं, त्यांना नीट दिसतंय कुठे. ती म्हणाली, ऑपरेशन दिसावं म्हणूनच करतात. हा मुद्दा माझ्या लक्षात होताच. जुनं झाकण ठेवून घेतलंय, ते सुतार नव्यावर बसवून देईल.

९ फेब्रुवारी
सॉफ्टवेअरमध्ये अठ्ठावीस पियानो. आपला एकही नाही. सगळे कसे गुळगुळीत, दवाखान्यात फोन होल्डवर ठेवल्यावर वाजतात तसे.

१४ फेब्रुवारी
दहा दिवस झाले. तो नुसता अंदाज होता. दुकानदार म्हणाला, पियानो त्याच आठवड्यात गेला, कुणी नेला ते सांगता येणार नाही. मी सहज विचारलं होतं. जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी
देव पावला! माळ्यावर कॅसेट सापडली. बाबा वाजवतायत, मागे आईचा आवाज. मधला एक सूर झणझणतो, सैल पत्र्यासारखा. हीच तर आपल्या पियानोची खूण. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आली नसती.

२१ फेब्रुवारी
झणझण जमेना. वाटीत चमचा ठेवून रेकॉर्डिंग केलं, सत्तेचाळीस वेळा. शेजारच्या काकूंनी विचारलं, नळ बिघडलाय का. ताईचा फोन घेतला नाही. ती लगेच बाबांच्या हातात फोन देते.

२७ फेब्रुवारी
जमलं! बायकोला डोळे मिटायला सांगून कॅसेट आणि कीबोर्ड ऐकवला. तिला काडीचाही फरक कळला नाही. तिला झोप लागली होती, तो भाग वेगळा.

४ मार्च
बाबा आले. दारातूनच भिंतीवरचं घड्याळ वाचलं. त्यांनी झाकण उघडलं, थोडं वाजवलं. मधला सूर तीनदा दाबला, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, छान आहे, दमला असशील. झाकण लावून आत गेले.
फत्ते! उगाच जीव टांगणीला लावून घेतला होता.

९ मार्च
पाच दिवस झाले, बाबा पियानोकडे फिरकले नाहीत. डोळ्यांना आराम हवा असेल.

१० मार्च
ताईचा फोन. बाबांनी तिला विचारलं, ज्यांनी नेला ते वाजवतात का, की नुसता ठेवलाय. मला सांगू नको म्हणाले होते, वाईट वाटेल म्हणून.
मी म्हटलं, त्यांना कळलं कसं? झणझणसुद्धा हुबेहूब आहे.
ती म्हणाली, तो सूर बाबांनी दहा वर्षांपूर्वीच दुरुस्त केलाय. हॉलमध्ये, तीन दिवस खपून. तू समोरच बसला होतास, कानाला हेडफोन लावून.